कुंभाराच्या बापाचं काय करायचं?

न्यायशास्त्र शिकायला बसलेल्याची मडक्यापासून सुटका नसते. कार्य कशाला म्हणायचं? घटाला. कारणं कुठली? माती, चाक फिरवायचा दंड, चक्र आणि कुलाल म्हणजे कुंभार. अभाव समजावून द्यायचा तरी ‘जमिनीवर घट नाही’ इथूनच सुरुवात. भारतीय तत्त्वज्ञांनी ग्रंथांत जेवढी मडकी खर्ची घातली, तेवढी एखाद्या तालुक्यानं पाणी भरायलाही वापरली नसतील. सतराव्या शतकात विश्वनाथ पंचाननांनी ‘भाषापरिच्छेद’ लिहिला. त्यावरची ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’ ही टीकाही त्यांच्याच नावावर आहे. न्यायाचे विद्यार्थी आजही याच जोडीवर घासले जातात. त्यात एक गमतीदार यादी येते. मडकं घडतं तेव्हा आसपास असतात, पण कारण म्हणून मोजायच्या नाहीत अशा पाच गोष्टींची. दंडाचं दंडपण, दंडाचा रंग, सगळीकडे भरून राहिलेलं आकाश, माती वाहून आणणारं गाढव आणि कुंभाराचा बाप.

गाढवाचं एक वेळ पटतं. माती गाढवाच्या पाठीवरून येवो की ट्रॅक्टरमधून, मडक्याला त्याचं सोयरसुतक नसतं. पण बापानं कुणाचं घोडं मारलं?

नैयायिकांचं उत्तर सरळ आहे. बाप नसता तर कुंभार नसता, हे कबूल. पण त्या बापाचं कर्तृत्व मुलाला जन्म देण्यापाशी संपलं. मडकं मुलानं केलं. कारणाचंही कारण धरायचं ठरवलं तर आजा, पणजा, खापरपणजा अशी रांग लागेल आणि मडक्याचा हिशोब कधीच मिटणार नाही. तर्क म्हणून यात खोट काढणं अवघड आहे. अडचण एवढीच, की हा तर्क कुंभारवाड्यात नेला तर तिथलं कुणी तो ऐकून घेणार नाही.

कुपवाडचंच उदाहरण घ्या. त्याचं नाव काढलं की हल्ली एमआयडीसी डोळ्यांपुढे येते. १९९८ मध्ये सांगली आणि मिरजेबरोबर कुपवाड एकाच महापालिकेत आलं आणि गावाचं शहर झालं. तरी मातीचं पंचांग या सगळ्या भागात अजून बुडालेलं नाही. पोळ्याचा मान इकडे बेंदराला. जेठ-आषाढात मातीची बैलजोडी घरोघर पुजली जाते. मग नागपंचमीचा मातीचा नाग. नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेलं बत्तीस शिराळा याच जिल्ह्यातलं. पाठोपाठ गणपती, नवरात्राचा घट, दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडी आणि उन्हं तापली की माठ. सरणाभोवती फिरवून फोडायचं मडकंही कुंभाराकडूनच यायचं. बारा बलुतेदारांत त्याची जागा होती ती याच कामांमुळे. मडक्यागणिक पैसे नव्हते. सुगीत खळ्यावर धान्य मिळायचं. म्हणजे गाव एका माणसाकडून एक वस्तू विकत घेत नव्हतं. वर्षभर लागणाऱ्या मातीच्या सगळ्या गोष्टींची जबाबदारी एका घराण्यावर टाकून गाव मोकळं होत होतं. त्या घरातला कोणता हात कोणत्या घागरीला लागला, याची चौकशी कुणी करत नसे.

हे घराणं सांभाळत काय होतं, ते जरा जवळून पाहायला हवं. कृष्णाकाठची माती काळी, बसाल्टची झीज होऊन झालेली. ती पाण्यानं फुगते आणि वाळताना भेगाळते, हे उन्हाळ्यात रानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. नुसत्या तसल्या मातीचा गोळा चाकावर चढवला तर घागर सावलीतच तडकेल. म्हणून मातीला जोड लागते. कुठे तळ्यातला गाळ, कुठे बारीक रेती, कुठे राख, आणि महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी घोड्याची नाहीतर गाढवाची लीद. लिदीतले गवताचे बारीक धागे ओल्या मातीला धरून ठेवतात. भट्टीत तेच धागे जळतात आणि मागे सूक्ष्म छिद्रं राहतात. त्या छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेरच्या अंगावर सुकतं आणि आतलं पाणी गार होतं. माठ कसा चालतो याचं पुस्तकी उत्तर एवढंच. पण कुठल्या मळ्याच्या मातीला किती लीद, पावसाळ्यानंतर काढलेल्या मातीला किती कमी, हे पुस्तकात नाही. ते शोधणारा कुणी एक जण नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या मडकी फुटत गेली आणि प्रत्येक फुटीगणिक वाड्याला थोडं थोडं कळत गेलं.

चाकावरून उतरतं ते मडकं नसतंच मुळी. तो जाड अंगाचा, पुष्कळदा बूड नसलेला आकार असतो. तो थोडा आवळला की खरं काम सुरू होतं. आत डाव्या हातात दगडी गोटा धरायचा, बाहेरून उजव्या हातानं लाकडी थापटणं मारायचं आणि मडकं मांडीशी फिरवत राहायचं. प्रत्येक थापेनं भिंत पातळ होते, पोट सुटतं, बूड मिटत येतं. आतला गोटा दिसत नाही. बाहेरचा हात त्याचा अंदाज घेत चालतो आणि अंदाज येतो तो आवाजावरून. जाड जागा बद्द बोलते, पातळ जागा वेगळी बोलते. शिकणारं पोर आधी ऐकायला बसतं, थापटणं हातात फार नंतर येतं. हंगेरीत जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये शिकवणारे मायकेल पोलान्यी यांनी १९६६ च्या ‘द टॅसिट डायमेन्शन’ या पुस्तकात हाच मुद्दा केला: माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त येत असतं. कुंभारवाड्यात त्यावर कुणी पुस्तक लिहिलं नाही, कारण लिहून ते पुढे जाणार नव्हतं.

मग भट्टी. खाली शेणी, त्यावर पालथी मडकी, फटींत खापरं, वर पाचट किंवा गवत आणि मातीचा लेप. अशा उघड्या भट्टीत आच साधारण ७०० ते ८५० अंशांपर्यंत जाते. सुरुवातीला आग मुद्दाम मंद ठेवायची, कारण मातीत अडकलेलं पाणी एकदम वाफ झालं तर मडकी आतच फुटतात. हवा खेळती राहिली तर मातीतल्या लोहामुळे भांडं लाल होतं. धूर कोंडला तर काळं. भट्टी लावणं हे एकट्याचं काम नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी घाई असते. एकाचा माल भट्टी भरण्याइतका नसला तर शेजाऱ्याचा त्यात जातो. बिघडली तर खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं, हा प्रश्न तिथेही येतोच. पण अमुक मडकं अमुक माणसानं केलं, हे वाक्य एव्हाना बरंच सैल झालेलं असतं.

कर्ता कोण, या प्रश्नाला धर्मचर्चेत कुंभार सापडला तो काही योगायोगानं नाही. जैन आगमांतल्या ‘उवासगदसाओ’च्या सातव्या अध्ययनात सद्दालपुत्र नावाचा कुंभार येतो. पोलासपूरचा हा गृहस्थ चांगला धनवान. गावाबाहेर त्याची कुंभारकामाची पाचशे दुकानं. पंथ आजीविक, म्हणजे जे होतं ते नियतीनं होतं, माणसाच्या प्रयत्नाला अर्थ नाही असं मानणारा. महावीर त्याची वाळत घातलेली भांडी पाहून विचारतात, ही प्रयत्नानं झाली की प्रयत्नावाचून? सद्दालपुत्र मताला चिकटून सांगतो, प्रयत्नावाचून. महावीर विचारतात, मग ही कुणी फोडली तर? तुझ्या बायकोवर कुणी हात टाकला तर? सद्दालपुत्र म्हणतो, त्याला बदडेन, जिवंत सोडणार नाही. महावीर म्हणतात, मग सगळं नियतीनं होतं हे खोटं. कुंभार निरुत्तर होतो आणि पुढे महावीरांचा उपासक होतो.

युक्तिवाद झकास आहे. पण एक गोष्ट राहून जाते. पाचशे दुकानांतली भांडी सद्दालपुत्रानं स्वतःच्या हातानं केली नव्हती. त्यात पगारी माणसं होती आणि ती सकाळपासून मातीत होती, असं खुद्द तोच ग्रंथ सांगतो. वाद दोघांचा, प्रयत्न शेकडोंचा. प्रयत्न सिद्ध झाला. कुणाचा, ते विचारायचं राहिलं.

बौद्धांच्या बाजूला मात्र महाराष्ट्राच्या मातीतला एक पुरावा आहे, दगडात कोरलेला. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, दहाव्या लेण्याच्या अंगणात आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षातला लेख आहे. काळ तिसऱ्या शतकाचा. विष्णुदत्ता नावाची शक उपासिका आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कायमची ठेव ठेवते आणि ती ठेवते कारागिरांच्या श्रेणींकडे. पाण्याची यंत्रं करणाऱ्यांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण आणि कुलरिकांच्या श्रेणीकडे १०००. कुलरिक म्हणजे कुंभार, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. मुद्दल अक्षय राहायचं, व्याजातून औषधं. राजाच्या खजिन्यावर नाही, एखाद्या सावकारावर नाही, तर कुंभारांच्या समूहावर हा भरवसा टाकला गेला.

यातली गंमत अशी, की ज्या भिक्षूंसाठी ही ठेव होती त्यांच्याच ‘धम्मपदा’त शरीराला मडक्याची उपमा दिली आहे, फुटायचं ते फुटणारच म्हणून. सगळं अनित्य आहे हे शिकवणाऱ्या संघाची शाश्वत ठेव मडकी करणाऱ्यांच्या हवाली! हा विसंगतीचा दोष म्हणावा का? तसं वाटत नाही. एकेक कुंभार मरणार हे विष्णुदत्तेला ठाऊक होतं. श्रेणी मरत नाही, तिचे सभासद बदलतात, आणि कसब व शब्द हे दोन्ही त्या सभासदांच्या पलीकडे टिकतं, यावर तिचा व्यवहार उभा होता. नैयायिकांनी ज्या बापाला यादीबाहेर काढलं, त्याच्याच भरवशावर हे १००० कार्षापण ठेवले गेले.

आणि मग तेर. धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव एके काळचं तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात व्यापारपेठ म्हणून त्याचं नाव आहे. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या भाजक्या मातीच्या मूर्ती पाहायला मिळतात. त्याच गावात तेराव्या शतकात गोरोबा चिखल तुडवत होते. त्यांच्या नावाची सर्वांत प्रसिद्ध कथा बाळ चिखलात तुडवलं गेल्याची. पण कुंभारकामाच्या दृष्टीनं अधिक बोलकी कथा दुसरी आहे. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई, नामदेव अशी मंडळी गोरोबांकडे जमलेली. कोपऱ्यातलं थापटणं पाहून मुक्ताबाई विचारते, काका, हे काय? कच्चं-पक्कं मडकं पाहायचं साधन, असं गोरोबा सांगतात. मग आम्हालाही पाहा की, असं मुक्ताबाई म्हणते. वयानं सगळ्यांत मोठे म्हणून ‘काका’ ठरलेले गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. बाकीचे गप्प. नामदेव तेवढे बिथरतात. निकाल लागतो: हे मडकं कच्चं.

ही कथा बहुतेकदा अहंकारावरचा दृष्टांत म्हणून सांगितली जाते. ती आहेही. पण त्यातली पद्धत पाहिली तर ती थेट कुंभारवाड्यातली आहे. नामदेवांची परीक्षा पोथीवरून झाली नाही. विठ्ठल त्यांच्याशी बोलतो, हेही ग्राह्य धरलं गेलं नाही. जाणत्यांच्या बैठकीत, सगळ्यांदेखत, एका साध्या अवजारानं ती झाली. मडकं स्वतःचं पक्केपण स्वतः सांगू शकत नाही. दुसऱ्यानं वाजवावं लागतं. नामदेव रागावून पंढरपूरला गेले आणि पुढे औंढ्या नागनाथला गुरू विसोबा खेचरांकडे. ज्याला तेरच्या बैठकीनं नापास केलं, त्याचीच ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात गेली. नापासाचा शिक्का कायमचा नव्हता, हे महत्त्वाचं.

आणखी एक बारकी गोष्ट. त्या बैठकीत कुंभार एकच होता. नामदेव शिंपी, ज्ञानदेव आणि त्यांची भावंडं संन्याशाची पोरं म्हणून वाळीत पडलेली. थापटणं कुंभाराचं, पण त्याखाली डोकं द्यायला कुंभाराच्या पोटी जन्म घ्यावा लागला नाही.

प्रत्यक्ष कुंभारवाडे मात्र इतके मोकळे नव्हते. हुनर घरात ठेवायचं, लेकीला फार शिकवायचं नाही, ती दुसऱ्या घरी जाणार. जातपंचायतीचा शब्द मोडला तर बहिष्कार. महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो सगळ्याच जातींतल्या असल्या पंचायतींमुळे. भारतात बहुतेक ठिकाणी बाईनं चाकाला हात लावायचा नाही, असा कुंभारांचा रिवाज. माती चाळायची तिनं, खडे वेचायचे तिनं, मडकी वाळत घालून उन्हातून सावलीत हलवायची तिनं, चुली-शेगड्या हातानं थापायच्या तिनं, बाजारात टोपली घेऊन बसायचं तिनं. चाकावर मात्र पुरुष. मणिपूरमध्ये बायका चाकाशिवायच सुंदर भांडी करतात, म्हणजे बाईला मडकं जमत नाही अशातला भाग नाही. शंकर-पार्वतीच्या लग्नात घट हवा होता तेव्हा देवांनीच आपापली साधनं देऊन पहिला कुंभार उभा केला, अशी कथा कुंभारांत सांगतात. कथा छान आहे: चाक कुणा माणसाचा शोध नाही, म्हणून त्यावर कुणाची मालकी नाही. पण घरात पार्वतीला चाकापासून लांब बसवायचं, हे त्या कथेला धरून नाही.

इथे पुन्हा ‘मुक्तावली’ उघडायला हरकत नाही, कारण विश्वनाथांनी बापाचा विषय अर्धवट सोडलेला नाही. ते म्हणतात, कुंभाराचा बाप या नात्यानं तो मडक्याचं कारण नाही. पण कुंभार या नात्यानं तो कारण असेल, तर आमची काही हरकत नाही; कुंभार मडक्याला कारण असतोच. पहिल्या वाचनात हा वकिली शब्दच्छल वाटतो. दुसऱ्या वाचनात त्याची धार कळते. रक्ताचं नातं मडक्यात उतरत नाही, कसब उतरतं. बापानं मुलाला दिलेलं थापटणं मोजायचं, जन्म मोजायचा नाही. ज्या शास्त्रानं बापाला हाकललं असं वाटत होतं, ते खरं तर त्याच्या बापपणालाच हाकलत होतं. कुंभारांच्या पंचायतीला हे रुचलं नसतं, आणि ब्राह्मण नैयायिकांनी ते स्वतःच्या पाठशाळेच्या दाराला लावून पाहिलं नाही, ही गोष्ट निराळी.

लावून पाहणारे थोडे निघाले. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला गांधीविचाराच्या कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभा केला आणि मातीकाम शिकण्याची जागा जातीबाहेर काढली. सामाईक कसबाचा दुसरा नमुना जपानमधला. तिथे क्यूशू बेटावर ओंता नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथली कुंभार घराणी माती मिळून खणतात, वाटून घेतात, ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या मुसळांनी ती कुटतात, आणि काही घरं एकच चढणीची भट्टी मिळून पेटवतात. भांड्यावर स्वतःचं नाव घालायचं नाही, हा दंडक. १९३१ मध्ये लोककलेचे विचारवंत यानागी सोएत्सू तिथे गेले आणि अनामिक कारागिराच्या आपल्या सिद्धान्ताचं चालतंबोलतं उदाहरण त्यांना तिथे सापडलं. १९९५ मध्ये जपान सरकारनं या कामाला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. मात्र ब्रायन मोरान या मानववंशशास्त्रज्ञानं गावात राहून पाहिलं तेव्हा चित्र इतकं गोंडस नव्हतं. भांड्यांना भाव आला, काही जणांचं नाव झालं आणि मिळून राहण्याला तडे जायला लागले. ओंताही माणसांचंच गाव. शिवाय तिथेही चाकावर बसतो तो पुरुषच.

कुपवाडच्या शेजारी कर्ता कोण हा प्रश्न आता कायद्याच्या भाषेत येऊन बसला आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापुरी चपलेचं मानांकन २०१९ चं. त्यात सांगली आणि सातारा हे जिल्हेही येतात. पेटंट ठरावीक शोधकाला मिळतं. मानांकन गावाच्या किंवा प्रदेशाच्या सामाईक कसबाला मिळतं, शोधक कोण हे विचारत नाही. विष्णुदत्तेनं श्रेणीला ओळखलं होतं, तसं हा कायदा निदान कागदावर ओळखतो. पण मानांकन त्यालाच, ज्याच्या मालाचं नाव झालं आहे. बेंदराची मातीची बैलजोडी या भागातल्या कुंभारांचीच करणी, तिला कुणी विशेष नाव ठेवलेलं नाही. पूजा झाली की ती विसर्जनाला जाते.

उलट टोकाला पीएम विश्वकर्मा योजना आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत अठरा व्यवसाय आहेत, कुंभारकाम त्यातलं एक. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि दोन हप्त्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज, पाच टक्के व्याजानं. गुरु-शिष्य परंपरा जपायची, असं योजनेच्या उद्देशांतच लिहिलं आहे. कामाची योजना आहे. १५,००० रुपयांत मोटारीचं चाक घरात येऊ शकतं आणि म्हाताऱ्या खांद्यांना विश्रांती मिळते. फक्त एक अट आहे: एका कुटुंबातल्या एकालाच लाभ. नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं मिळून एक कुटुंब. दिवाळीच्या आधी ज्या घरात बायको माती चाळून मळते, नवरा चाकावरून पणत्या उतरवतो आणि थोरला पोरगा कॉलेजातून आल्यावर भट्टी लावतो, तिथे आधार कार्ड घेऊन सेवा केंद्रात अंगठा द्यायला कुणी जायचं, हे त्या तिघांनी आपसात ठरवायचं आहे.